खात्यावरचं पहिलं नाव

गंगूबाईला जाऊन आठ महिने झाले तरी तिच्या मोबाईलवर दर महिन्याला बँकेचा मेसेज यायचा. नरहरीनं तो मोबाईल देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला होता आणि रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायचा. का लावतो, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मेसेज इंग्रजीत असे. सुरुवातीला तो वरच्या खोलीतल्या क्षितिजाकडून वाचून घ्यायचा. क्षितिजा परभणीकडची. हिंजवडीत कंपनीत कामाला होती आणि पावसाळ्यापासून त्याच्याकडे भाड्यानं राहत होती. ती पायरीवर उभी राहून वाचून दाखवायची, "काका, गंगूबाईंच्या खात्यातून अडीचशे रुपये कापलेत. शिल्लक कमी पडली म्हणून." पुढं पुढं नरहरीला मेसेजचं रूपच ओळखू यायला लागलं. वर तिचं नाव, मध्ये आकडा. मग तो कुणाकडं नेईनासा झाला. बघायचा आणि फळीवर ठेवून द्यायचा.

हे खातं निघालं त्याला दोन वर्षं झाली होती. भरे गावातली रस्त्याकडची जमीन एका कंपनीला गेली, तेव्हा पैसे यायच्या आधी टाय लावलेला एक पोरगेला माणूस मोटारसायकलवरून आला. त्यानं वाल्मीकच्या ओट्यावर बसून ज्यांची ज्यांची जमीन गेली त्या सगळ्यांची खाती उघडली. बँक नव्या पद्धतीची होती. गावात शाखा नाही, तालुक्याला नाही. पुण्यात कुठंतरी एक ऑफिस आणि पिरंगुटला पैसे काढायचं मशिन. बाकी कारभार फोनवर आणि कॉम्प्युटरवर.

"पासबुक कदी देनार?" वाल्मीकनं विचारलं होतं.

"पासबुक नसतं काका. सगळं स्क्रीनवर दिसतं."

"म्हंजे पडद्यावरचं पैसं. नाटकातल्या राजावानी. पडदा पडला की राजा बिडी वडत बसतुया."

सगळे हसले. तो टायवालाही हसला. मग त्यानं नरहरीचा फॉर्म भरायला घेतला आणि पहिलं नाव कुणाचं लिहू म्हणून विचारलं. नरहरी बोलणार एवढ्यात चहा घेऊन आलेली गंगूबाई दारातूनच म्हणाली, "माझं लिवा. सातबाऱ्यावर मला कुनी इचारलं न्हाई, रेशनकारडावर इचारलं न्हाई. हितं तरी माझं आदी लिवा."

वाल्मीक म्हणाला, "वैनी, मंग सह्या बी तुमीच करायच्या."

"करंन की. तुमच्यापरीस बरी करते."

ते खरं होतं. वाल्मीकची सही म्हणजे कोंबडं उकिरडा उकरून गेल्यासारखी. गंगूबाई सातवी शिकलेली होती. तिनं नीट, सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. नरहरीचं नाव दुसरं लागलं.

जमिनीच्या निम्म्या पैशांत घरावर चार खोल्या निघाल्या. उरलेले निम्मे पोटाच्या दुखण्यात गेले. पुण्याच्या दवाखान्यात महिनेच्या महिने काढले, आणि शेवटी खात्यात फक्त तिच्या म्हशीचे पैसे राहिले. जमीन गेल्यावर चाऱ्याची सोय उरली नाही, म्हणून तिनं म्हैस विकली होती आणि ते सात हजार ह्याच खात्यात टाकले होते. दवाखान्यात खाटेवर पडून ती म्हणाली होती, "काय बी करा, म्हशीच्या पैशाला हात लावू नका. माझ्यामागं तुमाला कुनापुढं हात पसराया नको." नरहरीनं हात लावला नाही. पण बँकेनं लावला. दहा हजारांच्या खाली शिल्लक गेली की महिन्याला अडीचशे, असा बँकेचा नियम होता. जमिनीचे पैसे होते तोवर तो नियम कुणाला ठाऊकही नव्हता.

"काडून टाक की सगळं," वाल्मीक म्हणायचा. "मशिनचा आकडा तर तुला म्हाईत हाय. काडायचं अन् मोकळं व्हायचं. आपल्या सोसायटीत टाक."

"तिनं तितं ठेवल्यात."

"तिनं ठेवल्यात म्हनून बँकेच्या उंदरानं खावं व्हय?"

नरहरी विषय बदलायचा. ते खातं रिकामं झालं की बंद पडणार, आणि खातं बंद पडलं की गंगूबाईचं नाव पहिलं असलेलं एकही कागदपत्र जगात उरणार नाही, हे त्याला वाल्मीकला समजावून सांगता येत नव्हतं. वाल्मीक वाईट नव्हता. पण त्याला अशा गोष्टी सांगितल्या की तो तंबाखू मळायला घ्यायचा.

वाल्मीकच्या खात्यालाही हीच खोड लागली होती. त्याच्या जमिनीच्या पैशांची जीप झाली होती आणि जीप दारात उभी होती. पलीकडच्या दादासाहेबांचंही तेच. त्यांनी दोन लेकींची लग्नं केली होती. तिघांच्या खात्यांतून महिन्याच्या महिन्याला अडीचशे जात होते.

एक दिवस वाल्मीक येऊन खाटेवर बसला तो हसतच.

"नरहरी, म्हस आठवतीया का? कर्जाची?"

नरहरीला आठवत होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुभत्या जनावरासाठी सरकारी कर्ज निघत होतं. तिघांनी कर्ज काढलं आणि तिघांत मिळून एकच म्हैस आणली. बाकीच्या पैशांत कुणी विहिरीवर मोटार बसवली, कुणी बहिणीचं लग्न उरकलं. मग साहेब तपासणीला आला. आधी वाल्मीकच्या गोठ्यात म्हैस बघितली, त्याच्याकडं पोहे खाल्ले. तो पोहे खात असताना गंगूबाईनं म्हैस मागच्या पांदीनं हाकत आपल्या गोठ्यात आणून बांधली. साहेब नरहरीकडं चहाला बसला, तोवर तिनं म्हशीच्या कपाळाला चुन्याचा टिळा लावला, दावं बदललं आणि दादासाहेबांच्या गोठ्यात नेली. साहेबानं तिसरी म्हैस बघितली आणि म्हणाला, ह्या गावात जनावरं एकाच वाणाची दिसतात. दादासाहेब म्हणाले, पाणी एकच हाय ना साहेब.

"तसंच करायचं," वाल्मीक म्हणाला. "धा हजाराची एकच म्हस. बँकेचा साहेब महिन्याच्या आखरीला बघत आसंल. अठ्ठावीसला माज्या खात्यात, एकोनतीसला तुज्या, तीसला दादासायबांच्या. पिरंगुटच्या मशिनीत पाकीट टाकायचं, दुसऱ्या दिशी काडायचं. जीप हायेच दारात. तिला तरी काय काम हाय?"

नरहरीला हे फार पटलं असं नाही. पण वाल्मीकच्या तोंडून म्हशीची गोष्ट ऐकताना गंगूबाई पांदीतून पदर खोचून म्हैस हाकताना डोळ्यांपुढं आली, आणि तो हो म्हणाला.

दादासाहेबांनी घरातले दहा हजार काढले. त्या महिन्याच्या अखेरीला तिघं म्हातारे रोज जीपमधून पिरंगुटला गेले. मशिनीच्या काचेच्या खोलीत एकेकानंच जायचं असतं, तरी तिघंही आत जायचे. एकजण कार्ड घालायचा, एकजण आकडे दाबायचा आणि दादासाहेब दाराकडं तोंड करून पहारा द्यायचे. नरहरीच्या पाळीला मशिनीनं पाकीट आत ओढून घेतलं तसा वाल्मीक म्हणाला, "गेली गोठ्यात."

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मेसेज आला. अडीचशे कापले होते. तिघांचेही.

वाल्मीकला वाटलं, तारीख चुकली. साहेब महिन्याच्या सुरुवातीला बघत असणार. पुढच्या खेपेला त्यांनी पहिली, दुसरी, तिसरी अशी म्हैस फिरवली. तरीही पैसे कापले गेले. वर मशिनीतून पैसे जास्त वेळा काढले म्हणून बँकेनं आणखी काहीतरी लावलं.

त्या शनिवारी क्षितिजाला सुट्टी होती. ती कपडे वाळत घालत होती. वाल्मीकनं तिला खाली बोलावलं आणि वकिलानं बाजू मांडावी तशी सगळी हकिगत सांगितली. क्षितिजा ऐकता ऐकता पायरीवर बसली. तिला हसू आवरत नव्हतं, पण तिनं तोंड खाली घालून ते जिरवलं.

"काका, तिथं साहेब नसतोच बघायला. कॉम्प्युटर रोज रात्री शिल्लक बघतो. तीस दिवसांची बेरीज करून तिसानं भागतो. ती सरासरी दहा हजार पाहिजे. तुमचे पैसे एकाच दिवशी होते."

"रोज बगतुया?" वाल्मीकनं विचारलं.

"रोज."

"त्येला दुसरं काम न्हाई?"

"हेच काम आहे त्याचं."

वाल्मीकनं तंबाखू काढली. "म्हंजे डेरीवानी. एका दिशी घागर भरून घातलं म्हनून भागत न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाला, "गावाला फसवता येतंय, साहेबाला फसवता येतंय. ह्येला न्हाई." आणि जीपमध्ये बसून निघून गेला. दादासाहेबांचे दहा हजार परत द्यायचे होते.

क्षितिजा उठली नाही. म्हणाली, "काका, एक विचारू? ह्या बँकेचं साठीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळं खातं असतं. त्यात शिल्लक ठेवावी लागत नाही, काही कापत नाहीत. तुम्ही बासष्ट वर्षांचे ना?"

"व्हय."

"मग ते खातं तुमच्या नावावर करून घेता येईल. पण पहिलं नाव काकूंचं आहे, म्हणून ते तसं करत नाहीत. फोन करून सांगावं लागेल, काकू..." ती थांबली. "म्हणजे कळवावं लागेल. सर्टिफिकेट पाठवायचं. मग होईल."

नरहरी म्हणाला, "बगू."

बघू म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ चुलीपुढं बसून राहिला.

बँकेला कळवायची वेळ आधी आली नव्हती असं नाही. दर महिन्याला तिथून फोनही यायचा. एक मुलगी हिंदीत विचारायची, गंगूबाईजी आहेत का. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तिचे दिवस होऊन आठवडा झाला होता. नरहरीच्या तोंडून निघून गेलं, "वो खेत में गयी है." त्यानंतर तो दर वेळी काहीतरी सांगत राहिला. कासारसाईला माहेरी गेलीये. लग्नाला गेलीये. झोपलीये. एकदा ती मुलगी म्हणाली, "मॅम बहुत बिझी रहती हैं," आणि नरहरी म्हणाला, "हां, बहुत." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण त्या दिवशी तो भाकरी नीट जेवला, हेही खरं.

गोष्ट अशी होती की गंगूबाई गेली, हे नरहरीनं आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. तिनं दवाखान्यात डोळे मिटले तेव्हा पुतण्या जवळ होता. त्यानं वाल्मीकला फोन केला. तिला गाडीतून घेऊन नरहरी भऱ्यात पोचला तेव्हा ओढ्याकाठी लाकडं रचलेली होती, दारात बांबू आणून ठेवले होते, बाया जमल्या होत्या. कासारसाईला, पौडाला, लेकीच्या गावाला, सगळीकडं वाल्मीकनं कळवलं होतं. पुढं बाजारात, सोसायटीत, डेअरीत जो भेटला त्याला आधीच ठाऊक असायचं. लोक नुसतं खांद्यावर हात ठेवायचे. गावात मेलेल्या माणसाची बातमी घरच्याला सांगावी लागत नाही, गावच ती वाहून नेतं. नरहरीला त्याचं बरंच वाटलं होतं. आता त्या बातमीबाहेर जगात एकच ठिकाण राहिलं होतं. तिथं गावचं कुणी नव्हतं, आणि तिथं त्यालाच सांगावं लागणार होतं.

तो आणखी एक महिना थांबला. अडीचशे गेले. सात हजारांचे पाचाच्या खाली आले होते. तिनं मागं ठेवलेलं आपल्या गप्प बसण्यापायी जातंय, हे त्याला रोज कळत होतं. रात्री जेवताना कळायचं, खोल्यांचं पाणी सोडताना कळायचं. म्हैस तिनं स्वतः पाजलेली, धुतलेली होती. विकली त्या दिवशी ती बाजारात गेली नव्हती. घरात भिंतीकडं तोंड करून बसली होती.

मग एका शनिवारी सकाळी तो गंगूबाईचा मोबाईल घेऊन जिन्याखाली उभा राहिला आणि क्षितिजाला हाक मारली.

"लाव तो फोन."

क्षितिजा ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून तशीच खाली आली. तिनं नंबर लावला, कसलेकसले आकडे दाबले. मोबाईलवर बराच वेळ गाणं वाजत होतं. तिनं स्पीकर लावून मोबाईल दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला.

"काका, मी सांगू का? मला हिंदीत सांगता येईल. तुम्ही नुसतं बसा."

नरहरीला क्षणभर वाटलं, सांगू दे हिलाच. एवढे महिने दुसऱ्यांनीच सांगितलं, हेही दुसऱ्यानं सांगितलं तर काय बिघडणार आहे. तेवढ्यात तिकडून आवाज आला. क्षितिजानं खात्याचा नंबर सांगितला. तिकडची मुलगी म्हणाली, खात्यावरच्या माणसाशीच बोलावं लागेल.

"दुसरे नाववाले सर हैं क्या? उन्हें दीजिए."

नरहरीनं मोबाईल उचलून तोंडाशी धरला. स्पीकर चालू होता तरी धरला.

"बोला," तो म्हणाला.

"जी सर, नमस्ते. बताइए, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"ते पैसं कापतायत ना. गंगूबाईच्या खात्यातनं. तिला... वारली ती."

"सॉरी सर, मराठी मुझे समझ नहीं आती. हिंदी में बताएँगे प्लीज?"

नरहरीची हिंदी खोल्या बांधताना आलेली. बिहारी गवंड्यांबरोबरची. ईंट लाव, पानी मारो, माल पतला करो. त्या हिंदीत वारली म्हणायला शब्द नव्हता. देवाघरी गेली म्हणायलाही नव्हता. मराठीत गाव असे किती शब्द हाताशी ठेवतं. माणूस त्यांतला एखादा उचलतो आणि त्याच्या आडोशाला उभा राहतो. त्याच्याकडं हिंदीतला एकच शब्द होता. एका गवंड्याची बकरी ट्रकखाली आली तेव्हा ऐकलेला.

"वो मर गयी," नरहरी म्हणाला.

तिकडं चाललेली कीबोर्डची टकटक थांबली.

"कौन सर? गंगूबाई मॅम?"

"हां. मेरी घरवाली. मर गयी."

दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला, पण शब्द पुरा निघाला. क्षितिजा जिन्याच्या कठड्याकडं बघत होती.

"आय ॲम सो सॉरी सर," तिकडची मुलगी म्हणाली. आणि मग दर महिन्याला फोन करणारी तीच असेल किंवा दुसरी असेल, पण ती थोडं थांबून म्हणाली, "कब हुआ सर? मतलब, डेट चाहिए."

"चैत में," नरहरी म्हणाला. क्षितिजा तारीख सांगायला पुढं झाली, तर त्यानं हातानं तिला थांबवलं आणि आठवून तारीख सांगितली. महिना सांगितला, वर्ष सांगितलं.

मुलीनं टकटक केलं. म्हणाली, मॅमचं नाव काढावं लागेल, काढू का.

नरहरीनं मान वळवून बघितलं. आत फळीवर मोबाईलची रिकामी वायर लोंबत होती.

"निकालो," तो म्हणाला.

मग तिनं सर्टिफिकेटची झेरॉक्स कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते सांगितलं. क्षितिजानं ते हातावरच लिहून घेतलं. नवं खातं एकट्या नरहरीच्या नावावर होईल, त्यात कमीत कमी शिल्लक लागणार नाही, महिन्याला काही कापलं जाणार नाही. आणि त्या तारखेनंतर जे कापलं गेलं, ते परत मिळावं म्हणून ती अर्ज पाठवेल. मिळेलच असं सांगता येत नाही. "आप पहले बता देते सर, तो कटता ही नहीं," ती म्हणाली. ती वाईट हेतूनं म्हणाली नव्हती.

"हां," नरहरी म्हणाला.

"और कोई सहायता सर?"

"न्हाई."

फोन बंद झाला. क्षितिजानं हातावरचा पत्ता पुन्हा वाचून बघितला. "सर्टिफिकेट कुठंय काका? मी सोमवारी पिरंगुटहून झेरॉक्स काढून आणते, तिथूनच कुरिअर करते."

"ट्रंकेत हाय."

तो उठला नाही. मोबाईल हातात तसाच होता. वाल्मीकच्या दारात जीप सुरू होत नव्हती. तो बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता आणि तिला शिव्या देत होता. नरहरी तिकडं बघत राहिला.

"त्या दिशी सकाळी," तो म्हणाला आणि थांबला.

क्षितिजानं पत्ता लिहिलेला हात खाली घेतला.

"त्या दिशी सकाळी ती बरी व्हती. मला म्हनली, टाकी भरली का? वरच्या खोल्यांची. तवा खोल्यांत कुनी नव्हतंच राहायला. मी म्हनलं, आगं कुनासाठी भरू? तर म्हनती, येतील की कुनीतरी. पोरीबाळी येतील. त्यास्नी पानी लागंल. तू आलीस पुढं पावसाळ्यात. तवा ती नव्हती."

हे त्यानं लेकीलाही सांगितलं नव्हतं. लेकीला सगळं आधीच कळलेलं होतं आणि ती आली ती रडतच आली होती.

"मंग मी तिला म्हनलं, भरतो. तितं दवाखान्यात बसून काय भरनार? पन म्हनलं. त्यावर तिनं मान हलवली. मंग नर्स आली."

क्षितिजानं ओल्या केसांचा टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि पायरीवर नीट मांडी घालून बसली.

"मग?" ती म्हणाली.

नरहरी सांगू लागला.